वाचक विचारतात : शिडाच्या नौकेतून ग्रीसची बेटं

शिडाच्या नौकेवरच्या सुट्टीविषयी प्रश्न पाठवा, असं मागच्या अंकात लिहिलं होतं. आलेली बहुतेक पत्रं ग्रीसच्या बेटांविषयी आहेत. एकाच अर्थाच्या पत्रांना एकत्र उत्तर दिलं आहे.

प्रश्न (फोंडा) : आम्ही दोन कुटुंबं आहोत. चार मोठी माणसं, 11 आणि 14 वर्षांची दोन मुलं. अथेन्सहून निघून मिकोनोस, डेलोस, पारोस, नाक्सोस आणि सांतोरिनी अशी पाच बेटं सात दिवसांत शिडाच्या नौकेतून करायची आहेत. जुलैअखेर इकडे पाऊस असतो, धंदा मंद असतो, म्हणून तेव्हाच निघावं असं वाटतं. बेत कसा आहे?

उत्तर : बेटं सुंदर निवडलीत, पण महिना आणि मार्ग दोन्ही बदला. जुलै-ऑगस्टमध्ये ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यामधल्या एजियन समुद्रावर उत्तरेकडून मेल्तेमी नावाचा वारा वाहतो. आपला पाऊस आणि हा वारा यांचं नातं आहे. उन्हाळ्यात आपल्याकडे मोसमी वारे ओढून आणणारा कमी दाबाचा पट्टा पश्चिमेला पार तुर्कस्तानपर्यंत पसरतो. तिकडे ग्रीसच्या उत्तरेला बाल्कन प्रदेशावर हवेचा दाब जास्त असतो. या दोहोंमधून वारा दक्षिणेकडे सुटतो आणि बेटांमधल्या अरुंद पट्ट्यांत आणखी जोर धरतो. म्हणजे गोव्यात पागोळ्या गळत असतात तेव्हाच सिक्लादीस बेटांवर (तुमची पाचही बेटं याच समूहातली) निरभ्र आकाशाखाली 25 ते 30 नॉटचा, म्हणजे ताशी 46 ते 56 किलोमीटरचा वारा सलग तीन-चार दिवस चालू असू शकतो. आपल्याकडे वादळाआधी आभाळ भरून येतं, इथे तशी सूचना मिळत नाही. लख्ख ऊन पाहून नवखी माणसं बंदर सोडतात आणि पहिल्याच बेटाच्या टोकापलीकडे पांढऱ्या लाटा समोर येतात.

आता अंतर पाहा. 12-13 मीटर लांबीची नौका सरासरी 5 ते 6 नॉट, म्हणजे ताशी 9 ते 11 किलोमीटर जाते. सांतोरिनी अथेन्सपासून शंभराहून जास्त सागरी मैलांवर आहे (सागरी मैल म्हणजे सुमारे 1.85 किलोमीटर; पुढे मैल म्हणजे हाच). जाताना वारा पाठीमागून असेल, मजा येईल. परतताना तोच वारा तोंडावर. शिडाची कोणतीही नौका वाऱ्याच्या अगदी तोंडावर जाऊ शकत नाही. वाऱ्याशी साधारण 45 अंशांचा कोन ठेवून कधी डावीकडे, कधी उजवीकडे असं नागमोडी जावं लागतं. त्यामुळे 20 मैलांचे 28 मैल होतात. मुलं घेऊन लाटा कापत हे अंतर तोडणं ही सुट्टी नव्हे. शिवाय सांतोरिनीच्या ज्वालामुखी विवरातलं पाणी इतकं खोल आहे, की नांगर टाकायला बहुतेक ठिकाणी तळच हाती लागत नाही. डेलोसवर तर रात्री मुक्काम करायला कोणालाच परवानगी नाही. ही बेटं पाहायचीच असतील तर मोठ्या फेरीबोटीने वेगळे तीन-चार दिवस काढा.

नौकेसाठी अथेन्सलगतचं सारोनिक आखात घ्या. अथेन्सभोवतालच्या अत्तिका प्रदेशाच्या आडोशामुळे मेल्तेमी इथे पुष्कळ मवाळ होतो आणि बेटं एकमेकांपासून दोन ते चार तासांवर आहेत. महिना मेचा उत्तरार्ध. मुलांची सुट्टीही असते. पाणी मात्र 19-20 अंशांचं, आपल्या समुद्राच्या मानाने गारच. मुलांना पाण्यात डुंबायचं असेल तर सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा जास्त ऊबदार, पण चतुर्थी त्याच सुमारास येते तेव्हा पंचांग बघून ठरवा. दिवाळीची सुट्टी उशिरा पडते. तोवर पावसाची गडगडाटी वादळं सुरू होतात आणि नौका भाड्याने देणारे हंगाम आवरायला लागतात.

मार्ग असा. नौका शनिवारी संध्याकाळी अथेन्सजवळच्या आलिमोस मरीनात, म्हणजे खासगी नौकांच्या बंदरात, ताब्यात मिळते. त्या रात्री निघू नका. सामान भरा, झोपा. रविवारी एजिना, साधारण 16-17 मैल. इसवी सनपूर्व 500 च्या सुमाराचं अफैया देवीचं दोरिक शैलीतलं मंदिर तिथे टेकडीवर आहे, बसने जाता येतं. आधुनिक ग्रीसची पहिली राजधानी हेच बेट. पिस्त्यांसाठीही प्रसिद्ध. सोमवारी पाल्या एपिदावरोस बंदर. तिथून टॅक्सीने एपिदावरोसचं इसवी सनपूर्व चौथ्या शतकातलं नाट्यगृह. मुलांना सर्वांत वरच्या पायरीवर बसवा आणि खाली मधोमध उभं राहून नाणं टाकून दाखवा, म्हणजे ध्वनीचं शास्त्र पुस्तकाशिवाय कळेल. मंगळवारी पोरोस, जिथे समुद्रदेव पोसायडनच्या देवस्थानात वक्ता देमोस्थेनिसने इसवी सनपूर्व 322 मध्ये विष घेतलं. बुधवारी हिद्रा. या बेटावर मोटारी नाहीत, सामान खेचरं वाहतात. 1821 च्या ग्रीक स्वातंत्र्ययुद्धातला नौसेनानी मियाउलिस इथलाच. हिद्राचं बंदर अगदी छोटं आहे, दुपारी 12 पर्यंत पोचला नाहीत तर जागा मिळत नाही. शेजारच्या मांद्राकी खाडीत नांगर टाकायची तयारी ठेवा. गुरुवारी परत पोरोसकडे वळा आणि शुक्रवारी संध्याकाळपर्यंत आलिमोस.

स्पेत्सेस बेट यादीत मुद्दाम घातलेलं नाही. मंगळवारी वारा हलका असेल आणि अंदाज चांगला असेल तरच ते घ्या. जुन्या बंदरात अजून लाकडी होड्या बांधतात. त्याच स्वातंत्र्ययुद्धात स्वतःची जहाजं घेऊन उतरलेल्या बुबुलिनाचं घरही तिथेच आहे. पण ते सर्वांत दूरचं टोक, आणि परतीचा वारा उत्तरेचा. ज्यांचं विमान शनिवारी दुपारी असतं आणि जे गुरुवारी रात्री स्पेत्सेसला असतात, त्यांचा शुक्रवार दिवसभर इंजिनाच्या धडधडीत जातो. बेटं आधी ठरवून वाऱ्याची वाट बघण्यापेक्षा रोज सकाळी वाऱ्याचा अंदाज पाहून बेट ठरवायचं. म्हणून आगाऊ हॉटेलं, आगाऊ तिकिटं आणि ठरलेल्या वेळेच्या भेटी या सुट्टीत नकोत.

प्रश्न (पणजी) : जाहिरातींत सगळीकडे ‘शिडाचं जहाज’ लिहिलेलं असतं, पण दरांत चौपट फरक दिसतो. ही जहाजं खरंच शिडांवर चालतात का?

उत्तर : त्या एका शब्दाखाली तीन निरनिराळ्या गोष्टी विकल्या जातात.

पहिली गुलेत. तुर्कस्तानच्या बोद्रुम, मार्मारिस, बोझबुरुन भागांत बांधलेली लाकडी, बहुतेक दोन डोलकाठ्यांची, मागून रुंद नौका. खलाशी आणि स्वयंपाकी सोबत असतात, तुम्ही फक्त बसायचं. वयस्क मंडळींसाठी उत्तम, कारण ती फारशी कलंडत नाही. पण रुंद, जड बांध्यामुळे वाऱ्याच्या दिशेने ती नीट चढत नाही, आणि बहुतेक गुलेती बहुतेक वेळ इंजिनावरच जातात. जाहिरातीतल्या सगळ्या छायाचित्रांत शिडं गुंडाळलेली दिसली तर काय ते समजा.

दुसरं उंच डोलकाठ्यांचं मोठं जहाज. ‘स्टार फ्लायर’ आणि ‘स्टार क्लिपर’ ही चार डोलकाठ्यांची, प्रत्येकी 16 शिडं, सुमारे 170 प्रवासी. ‘रॉयल क्लिपर’ 2000 मध्ये प्रवासाला निघालं. पाच डोलकाठ्या, 42 शिडं, 227 प्रवासी. शिडांखाली चालताना ही जहाजं पाहणं हा डोळ्यांचा सोहळा आहे. मात्र त्यांचं वेळापत्रक छापील असतं. वारा पडला किंवा वेळ कमी पडला की इंजिन लागतं. किनाऱ्यावर छोट्या बोटीने ने-आण होते, त्यामुळे गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी हलत्या बोटीत पाय टाकणं जमेल का ते आधी पाहावं.

तिसरी 12 ते 14 मीटरची यॉट. तीन-चार खोल्या, सहा-आठ माणसं, आणि दोर तुम्हीच ओढायचे. शिडाची नौका म्हणजे काय हे शिकायचं असेल तर हीच.

दरांतला फरक बराचसा ‘यात काय धरलेलं नाही’ यातून येतो. लेखी विचारा : नौकाचालक धरला आहे का, त्याचं जेवण कोणाकडे, इंधन, बंदरांची फी, शेवटची साफसफाई, चादरी-टॉवेल, आणि अनामत किती. यॉटसाठी अनामत काही हजार युरोंची असते आणि ती क्रेडिट कार्डावर अडकवून ठेवतात. डेबिट कार्ड पुष्कळ ठिकाणी चालत नाही, तेव्हा बँकेत जाऊन परदेशी व्यवहाराची मर्यादा निघण्याआधी वाढवून घ्या. ती पुरेशी नसल्यामुळे धक्क्यावर ताटकळणाऱ्यांची संख्या थोडी नाही. आणखी एक प्रश्न नक्की विचारा : नांगरावर असताना रात्री वातानुकूलन चालतं का? यॉटवर ते बहुधा धक्क्यावरची वीज जोडल्यावरच चालतं.

प्रश्न (म्हापसा) : मी छोटी शिडाची होडी चालवायला शिकलो आहे. नौकाचालकाचे पैसे वाचवून स्वतःच यॉट चालवता येईल का?

उत्तर : पहिल्या वेळी नाही. कायद्याने ग्रीसमध्ये मान्य परवाना असलेला एक जण आणि अनुभव असलेला दुसरा एक जण लागतो. छोट्या होडीच्या शिबिराचं प्रमाणपत्र हा असा परवाना नव्हे. पण खरं कारण कागदाचं नाही. वाऱ्यावर होडी हाकणं तुम्हाला येतं. आठ-दहा टनांची नौका मागे घेत दोन नौकांच्या मधल्या फटीत घालणं ही वेगळी विद्या आहे, आणि रोज संध्याकाळी तीच करावी लागते.

गोव्यात भरती-ओहोटीत पाणी उधाणाला सुमारे दोन मीटर चढतं-उतरतं, म्हणून आपल्या मनात धक्का म्हटला की पायऱ्या आणि सैल दोर येतात. भूमध्य समुद्रात हा फरक वीतभर, फार तर हातभर. त्यामुळे तिथे नौका धक्क्याला आडवी न लावता पाठ लावून उभी करतात. पुढून नांगर, मागून दोन दोर. त्याचा क्रम असा.

खाडीत शिरण्याआधीच दोन्ही बाजूंना फेंडर, म्हणजे धक्के झेलणारे हवेचे फुगे, बांधून घ्या आणि मागचे दोन्ही दोर कठड्याच्या बाहेरून फिरवून हाताशी ठेवा. शेजारच्या नौकांच्या साखळ्या कुठल्या दिशेला गेल्या आहेत ते पाहा. धक्क्यापासून नौकेच्या लांबीच्या तीन-चार पट, म्हणजे 13 मीटरच्या नौकेला 40 ते 50 मीटर दूर नांगर सोडा. मग सरळ मागे जात साखळी अडखळू न देता सोडत राहा. धक्क्याला टेकण्याआधी साखळी रोखा म्हणजे नांगर तळात रुतेल. ज्या बाजूने वारा येतो त्या बाजूचा दोर आधी बांधा, दुसरा नंतर. शेवटी पुढची साखळी ओढून ताणा आणि मागची कड धक्क्यापासून मीटर-दीड मीटर दूर ठेवा, मग फळी टाका.

चुका इथे होतात. साखळी फार हळू सोडली तर नौका धक्क्यापर्यंत पोचतच नाही आणि ओढीने नांगर उखडतो. नांगर फार जवळ टाकला तर साखळी कमी पडते. पाच मीटर पाण्यात किमान 25 मीटर साखळी हवी, वारा वाढणार असेल तर जास्त. समुद्री गवतावर नांगर घसरतो आणि ते गवत संरक्षितही आहे. पाण्यात हलक्या रंगाचा वाळूचा ठिपका शोधून तिथेच टाका. आडव्या वाऱ्यात पुढचं टोक वाहून जातं, तेव्हा वेग थोडा जास्त ठेवावा लागतो, आणि नवखा माणूस नेमका तेव्हाच वेग कमी करतो. नांगराची मोटर बंद पडली तर ती जळाली असं समजू नका. बहुधा तिचा स्विच उडालेला असतो. नौका ताब्यात घेतानाच तो कुठे आहे ते विचारून ठेवा.

सर्वांत गंभीर अपघात हाताचे. दोन नौका जवळ येताना हाताने किंवा पायाने ढकलायला जाऊ नका. फायबर पुन्हा भरता येतं, बोटं येत नाहीत. मुलांना हा नियम पहिल्या दिवशी सांगा, आणि दुसरा हाही, की बूम, म्हणजे मोठ्या शिडाखालची आडवी काठी, डोक्यावरून कधीही फिरू शकते. मागून वारा असताना ती सर्वांत धोक्याची.

सकाळी नांगर उचलताना दुसऱ्याची साखळी वर आली, असं हिद्राला तर रोजच होतं, तर घाबरू नका. त्या साखळीखालून एक दोर घालून त्याची दोन्ही टोकं आपल्या नौकेला घट्ट बांधा. आपला नांगर थोडा खाली सोडा म्हणजे तो मोकळा होईल, मग नौका बाजूला घेऊन दोराचं एक टोक सोडून द्या. साखळीच्या वजनाखाली हात घालायचा नाही.

नौकाचालकाला दिवसाला 200 युरोंच्या आगेमागे आणि जेवण पडतं. सहा माणसांत वाटला तर हा खर्च जड नाही, आणि त्याच्याकडून आठवड्यात जे शिकाल ते परवान्याच्या अभ्यासाला उपयोगी पडेल. त्याला झोपायला जागा लागते आणि नौकेवरच्या कमाल माणसांत तोही मोजला जातो, हे खोल्या ठरवताना विसरू नका.

प्रश्न (मडगाव) : आईचं वय 68. तिला बस लागते. बोट लागणार नाही ना?

उत्तर : लागण्याची शक्यता आहे, पण आटोक्यात ठेवता येते. गोळी मळमळ सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही, निघण्याआधी घ्यायची असते. ॲव्होमिनसारख्या गोळीने झोप येते, आणि काचबिंदू असेल किंवा दुसरी रोजची औषधं चालू असतील तर आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊच नये. घरी एकदा घेऊन पाहा, म्हणजे किती गुंगी येते ते कळेल. नौकेवर त्यांना खाली खोलीत बसवू नका. मध्यभागी, उघड्यावर, नजर क्षितिजावर. पोट रिकामं नको. कोरडी चपाती, खाकरा, आल्याची वडी जवळ ठेवा. मोबाइल आणि पुस्तक बंद. सारोनिकमध्ये सकाळी पाणी बहुधा शांत असतं, तेव्हा प्रवास 9 ते 12 मध्ये उरका. पहिला दिवस सर्वांत कठीण. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बहुतेकांचं शरीर सरावतं. त्यांना शिडी चढता-उतरता येते ना, हे मात्र बोट लागण्यापेक्षाही महत्त्वाचं आहे. यॉटच्या खोल्यांत जायला चार-पाच उभ्या पायऱ्या असतात.

प्रश्न (डिचोली) : आमच्यात काही जण पूर्ण शाकाहारी. बाकीचे मासे खातात पण सोमवारी-गुरुवारी नाही. नौकेवर स्वयंपाक होतो का? आणि पाण्याची, न्हाणीघराची सोय कशी असते?

उत्तर : आधी बाहेरचं जेवण. ग्रीक ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांचे उपवास मोठे असतात, त्यामुळे प्रत्येक खाणावळीला ‘निस्तीसिमो’ हा शब्द कळतो. उपवासाचं, म्हणजे मांस, अंडी, दूध नसलेलं. एक सावधगिरी : त्यांच्या उपवासाला कालवं, कोळंबी, माणक्या चालतात, म्हणून तेही नको असं वेगळं सांगा. ‘फावा’ म्हणजे पिवळ्या वाटाण्याच्या डाळीचं घट्ट वरण, वर कांदा आणि ऑलिव्ह तेल. ‘गिगांतेस’ म्हणजे टोमॅटोत शिजवलेले मोठे पांढरे वाल. ‘होर्ता’ म्हणजे उकडलेली पालेभाजी लिंबू पिळून. या तिघांवर आपल्या माणसाचा आठवडा सुखात जातो.

नौकेवर दोन-तीन बर्नरची गॅसची शेगडी असते. ती झुलती असते, नौका कलंडली तरी भांडं सपाट राहतं. तरीही चालत्या नौकेत कढईत तेल तापवू नका. तीन लिटरचा कुकर घरून न्या. एका वेळी माणशी 75 ग्रॅम तांदूळ आणि 40 ग्रॅम डाळ धरा. सहा माणसांना चार जेवणं नौकेवर करायची तर 1.8 किलो तांदूळ आणि किलोभर डाळ पुरते. मसाले, आमसुलं, लोणचं घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या बरणीत. काचेची बरणी पहिल्याच लाटेत फुटते. स्वयंपाक झाला की गॅस शेगडीवर आणि टाकीवर, दोन्हीकडे बंद करायचा. गळलेला गॅस हवेपेक्षा जड असतो, नौकेच्या तळाशी साचतो आणि एका ठिणगीने पेटतो.

गोडं पाणी टाकीत 300 ते 500 लिटर, सर्वांना मिळून. भांडी आधी समुद्राच्या पाण्याने विसळा. आंघोळ मागच्या पायरीवरच्या छोट्या फवाऱ्याने, माणशी पाच लिटरमध्ये.

आता संडास. लिहायला कोणी धजत नाही, पण सर्वाधिक नौका यामुळेच अडतात. नळी मनगटाएवढीही जाड नसते. कागद, टिश्यू, पॅड काहीही आत टाकायचं नाही, कागदाला वेगळी पिशवी. हातपंपाचा असेल तर पाणी आत घेत 15-20 वेळा मारा. चार-पाच वेळा मारून सोडलं की मळ नळीच्या वळणात अडकतो आणि मग नौकाचालकाला ती नळी हाताने उघडावी लागते. आपल्याला पाणी लागतं, तेव्हा एक छोटा मग सोबत असू द्या. बेसिनचा नळ बहुधा ओढून लांब करता येतो, तोच उपयोगी पडतो. वापर झाल्यावर जमिनीवर साचलेलं पाणी बटण दाबून उपसून टाका.

प्रश्न (वास्को) : पत्नीकडे पोर्तुगीज पासपोर्ट आहे, माझा आणि मुलाचा भारतीय. व्हिसा कसा? आणि कोस या ग्रीक बेटाहून तुर्कस्तानातल्या बोद्रुमला एक दिवस जाऊन यायचा विचार आहे.

उत्तर : तुमच्या पत्नीला ग्रीससाठी व्हिसा नको. तुम्हाला आणि मुलाला शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणारा व्हिसा, लागेलच, पण युरोपीय संघाच्या नागरिकाचे जवळचे नातेवाईक म्हणून, त्या तुमच्यासोबत प्रवास करत असतील तर तो विनाशुल्क आणि सोप्या पद्धतीने मिळायला हवा. अर्जात तो रकाना भरा. विवाह आणि जन्माचे दाखले, पत्नीच्या पासपोर्टची प्रत जोडा. त्यांनी परतताना ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं कार्ड) विसरू नये. भारतात येताना त्या परदेशी नागरिक आहेत.

इतर वाचकांसाठी : शुल्क प्रौढांना 90 युरो, 6 ते 11 वर्षांच्या मुलांना 45. किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, 15 दिवसांहून कमी उरले असता नाही. मेची गर्दी पाहता फेब्रुवारीतच भेटीची वेळ घ्या. नौकेवर राहणाऱ्यांचा अर्ज हॉटेलच्या आरक्षणावरून अडतो. म्हणून नौकेचा करार, त्यावर प्रत्येकाचं नाव असलेली यादी, आणि पहिल्या व शेवटच्या रात्रीचं अथेन्सचं हॉटेल, तिन्ही जोडा. करारावर फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव असणं ही नेहमीची चूक.

कोस ते बोद्रुम फेरीने तासाभराच्या आत, पण तुर्कस्तान शेंगेनमध्ये नाही. तिथला व्हिसा वेगळा, आणि कोसला परतणं म्हणजे शेंगेनमध्ये दुसरा प्रवेश. व्हिसावर एकच प्रवेश असेल तर परत ग्रीसमध्ये घेणार नाहीत, आणि तुमचं सामान अन् विमान दोन्ही तिकडे. अर्जातच एकाहून अधिक प्रवेश मागा. बोद्रुमहून निघणाऱ्या गुलेतीवर ग्रीक बेटं असतील तरी हाच नियम.

एक सूचना सर्वांना. ग्रीसमध्ये पाण्याखाली किंवा किनाऱ्यावर सापडलेलं खापर, नाणं, दगडाचा कोरीव तुकडा उचलणं गुन्हा आहे. मुलांना शंख वेचू द्या, खापरं नाही.

प्रश्न (चोडण) : इतका खर्च करण्याआधी हे आपल्याला आवडेल का, ते गोव्यातच पाहता येईल का?

उत्तर : नक्की पाहा, आणि ऑक्टोबर ते मे या काळातच. पावसाळ्यात मांडवीच्या मुखाशी आग्वादसमोर वाळूच्या पट्ट्यावर लाटा फुटतात. डिसेंबर ते मार्च हा शिकायला सुरेख काळ आहे. सकाळी जमिनीवरून मतलई वारा हलका, दुपारनंतर वायव्येकडून खारा वारा भरतो. तो दहा-पंधरा नॉटला पोचला की नौका 15 ते 20 अंश कलते. एवढं कलणं तुम्हाला आनंदाचं वाटतं की भीतीचं, हे दोन तासांत कळेल आणि ग्रीसचे पैसे खर्च करायचे की नाही तेही. पणजीजवळ राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे, शिडाच्या होडीचं शिक्षण तिथे चौकशी करून घ्या.

शिडाच्या नौकेतून दिवाडी-चोडण करता येईल असं पुष्कळांना वाटतं, पण मांडवीवरच्या पुलांखालून उंच डोलकाठी जात नाही. दिवाडी फेरीबोटीनेच करा, मात्र नीट एक दिवस द्या. सप्तकोटेश्वराचं मूळ स्थान याच बेटावर होतं. ते उद्ध्वस्त झाल्यावर देव नदीपलीकडे नार्व्याला गेला, आणि तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार छत्रपती शिवाजी महाराजांनी 1668 मध्ये करवला. दिवाडीच्याच गोदीत ‘कौंडिण्य’ हे जहाज काथ्याच्या दोरीने फळ्या शिवून, खिळा न मारता बांधलं गेलं. अजिंठ्याच्या पाचव्या शतकातल्या चित्रातलं जहाज त्याचा नमुना. मे 2025 मध्ये ते कारवारला नौदलात दाखल झालं आणि डिसेंबरात पोरबंदरहून मस्कतला निघालं. सुट्टीसाठी ग्रीसला जाणाऱ्या गोंयकाराला हे ठाऊक असावं, असं आम्हाला मनापासून वाटतं. अंजदीव बेट, जिथे पोर्तुगिजांनी 1505 मध्ये किल्ला बांधला, ते नौदलाच्या हद्दीत असल्याने तिकडे नौका नेता येत नाही.

सरावाला निघताना भरतीची वेळ आधी पाहा. मांडवीतून बाहेर पडताना ओहोटीचा ओघ आणि समोरून दुपारचा खारा वारा एकत्र आले की मुखाशी आखूड, उभ्या लाटा उठतात. सकाळी, ओहोटी सुरू होऊन तासभर झाला आहे आणि मतलई वारा अजून पाठीशी आहे, अशा वेळी बाहेर पडा. परतताना दुपारची भरती आणि खारा वारा दोन्ही आत ढकलतील. मासेमारीच्या जाळ्यांच्या खुणा, म्हणजे तरंगते डबे आणि काठ्या, यांच्या मधून जायचं नाही, वळसा घ्यायचा. सुकाणूत किंवा इंजिनाच्या पाण्याखालच्या पंख्यात जाळं अडकलं तर इंजिन लगेच बंद करा. पंख्यात गुंतलेली दोरी इंजिन चालू ठेवल्याने सुटत नाही, आणखी आवळते.